अर्ध्यावरचा घोडा

आटपाडीच्या पेठेत आकाराम मिस्तरीच्या दुकानात गोणपाटाचा एक पडदा होता. पडद्याच्या पुढं आकाराम बसायचा आणि मागं त्याची बायको रंगुबाई. गिऱ्हाईक बंदूक घेऊन आलं, की आकाराम ती मांडीवर आडवी घ्यायचा, दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत हात फिरवायचा, घोडा चढवून कानाशी धरायचा आणि म्हणायचा, "कमान मेलीय हिची. आठ दिसांनी या." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. नुसत्या आवाजावरून बंदुकीचा रोग ओळखणारा मिस्तरी साऱ्या माणदेशात दुसरा नव्हता.

आकाराम आवाजावर का जातो, हे मात्र पडद्यामागच्या बाईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला दिसतच नव्हतं.

पहिल्या लढाईत तो मराठा पलटणीबरोबर बसऱ्याला होता. लढायला नव्हे, बंदुका दुरुस्त करायला. परत आला तेव्हा पेन्शन होती, हातात कला होती आणि औंध संस्थानचा बंदूक-दुरुस्तीचा परवाना मिळायला काही अडचण पडली नाही. पुढं डोळ्यांच्या कडा अंधारत गेल्या. मिरजेच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की आहे तेवढं जपा, गेलेलं येणार नाही. तीन वर्षांत जे होतं तेही गेलं. राहिला नुसता उजेड आणि अंधार यांतला फरक.

रंगुबाई लोहाराची लेक. माहेरी बापासमोर घण मारून तिचे खांदे पुरुषासारखे झालेले. आकारामनं तिला समोर बसवून एकेक गोष्ट हाताला शिकवली. कानस कशी धरायची, कुठं थांबायचं, पोलादाला पाणी कसं द्यायचं. तो बोलायचा, ती करायची, मग तो बोटानं चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "आजून दोन हात." अशी अकरा वर्षं गेली. परवाना दर साली त्याच्या नावावर नवा होत राहिला.

पण खोटं लपवत जगणाऱ्या माणसाच्या अंगात एक खोड शिरते. रंगुबाईला जो तो आपल्यावर पाळत ठेवतोय असं वाटायचं. कुणी पडद्याकडं दोनदा बघितलं, की ह्यानं ओळखलं. कुणी आकारामला विचारलं, "काय मिस्तरी, आज वळख न्हाई देत?" की हा चौकशीला आलाय. शेजारणी तिला तुसडी म्हणायच्या. ती कुणाच्या घरी हळदीकुंकवालासुद्धा टिकून बसायची नाही.

त्यातून साल चव्वेचाळीसचं. साताऱ्याकडं पत्री सरकारचा जोर, गावोगाव पोलिसांच्या गाड्या. आटपाडी संस्थानात, पण हद्द ओलांडून म्हसवडच्या बाजूला गेलं की इंग्रजी मुलूख. तिकडं दर महिन्याला प्रत्येक बंदुकीची मोजदाद व्हायची. कोण भूमिगतांना भाकरी पोचवतो आणि कोण पोलिसांना बातमी, याचा कुणाला पत्ता नव्हता. चार माणसं बोलत बसली आणि पाचवा आला, की विषय पावसावर जायचा. मग पाऊस असो वा नसो.

माघात एका सकाळी सयाजी दुकानात आला. घोंगड्यात गुंडाळलेली बंदूक त्यानं आकारामपुढं ठेवली.

हा सयाजी म्हणजे म्हसवडच्या अलीकडच्या लालासाहेबांच्या मळ्यावरचा कारभारी. लालासाहेब थोरले, नानासो धाकटे. नानासोची बायको शालूबाई, आणि सयाजी तिचा सख्खा भाऊ. बहिणीच्या सासरी राहून तो शेती बघायचा. माणगंगेच्या काठची विहिरीवरची ऊसबागाईत त्यानंच उभी केलेली. पण विहिरीजवळच्या तुकड्यावरून त्याचं आणि नानासोचं वाजलं होतं, हे आटपाडीच्या बाजारापर्यंत येऊन पोचलं होतं.

आकारामनं घोंगडं उलगडलं, हात फिरवला, आणि त्याचा हात मध्येच थांबला. चापाखाली लोखंडाची एक मोठी कडी होती. ती खाली ढकलून वर ओढली, की आतलं रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, आणि घोडा आपोआप चढलेला.

"अमेरिकन," तो हळूच म्हणाला. "बसऱ्यात एका सायबाकडं बघितली हुती. इकडं कशी आली रं?"

"थोरल्या मालकांच्या वडिलांनी लिलावात घेतलीय म्हनं. परवाना हाय, नंबर बी हाय. डुकरं लय झाल्यात उसात." सयाजी खाली बसला. "घोडा अर्ध्यावर थांबत न्हाई, मिस्तरी. बोट लागायचा आवकाश, की पडतो."

या बंदुकीला दुसरी कुठली कळ किंवा खटका नव्हता. सगळी राखण घोड्याच्या पोटात कोरलेल्या एका खाचेवर. घोडा अंगठ्यानं अर्धा मागं ओढला, की चापाचं टोक त्या खोल खाचेत जाऊन बसतं. मग चाप कितीही दाबा, हलत नाही. पुरा मागं ओढला तरच बार. आणि आता त्या खाचेचा ओठच तुटला होता.

"बघू. धा दिसांनी ये," आकाराम म्हणाला.

सयाजी उठला नाही. घोंगड्याची घडी घालत म्हणाला, "मिस्तरी, येक इचारू? समजा ही बंदूक आपल्या आपण उडाली. तर मागनं कुनाला कळतं का, ती आपण उडाली का कुनी उडवली?"

पडद्यामागं रंगुबाईची कानस थांबली.

"बघनाऱ्याला कळतं," आकाराम म्हणाला.

"समद्यास्नी?"

"समद्यास्नी कसं कळंल? बघनारा पायजे."

सयाजीनं मान हलवली. जाताना त्याची नजर पडद्यावर रेंगाळली, ती रंगुबाईनं गोणपाटाच्या विणीतून नीट बघितली. तो दिसेनासा झाल्यावर ती बाहेर आली.

"आवं, ह्या मानसाची बंदूक परत द्या."

"का गं?"

"असं कुनी इचारतं व्हय? ह्येच्या मनात काय तरी हाय."

"तुला समद्यांच्याच मनात काय तरी दिसतं." आकारामची बोटं बंदुकीवरून हलत नव्हती. पंचवीस वर्षांनी हाती आलेली चीज तो सोडणार नव्हता. "खोल तिला. मला आतनं बघू दे."

खोलली. घोडा बाहेर आला. तुटलेल्या ओठाला ठिगळ लावून भागण्यासारखं नव्हतं, ते टिकलं नसतं. नवाच घोडा घडवायचा ठरला. विट्याच्या लॉरीचा मोडका कमानपाटा घरात पडून होता, त्याचं पोलाद चांगलं. रंगुबाईनं तो तुकडा लाल करून ऐरणीवर आणला, ठोकला, मग जुना घोडा शेजारी ठेवून सहा दिवस कानसत राहिली. शेवटी खाच. खोल, आतल्या बाजूला किंचित झुकलेली, म्हणजे चापाचं टोक आत बसलं की अडकूनच राहावं.

मग पाणी द्यायचा दिवस. तापवून तेलात बुडवलेला घोडा काचेसारखा कडक झालेला असतो, आदळला तर ओठ उडून जायचा. त्याला परत हळूहळू ऊब देऊन कडकपणा उतरवायचा. किती उतरला ते पोलादावर चढणाऱ्या रंगावरून कळतं, आणि तो रंग आकारामला दिसत नव्हता.

"सांग," तो म्हणाला.

"पिवळा धरतोय. लिंबागत."

"थांब."

"गडद व्हाय लागला. गुळागत. आता कडंनं जांभळं येतंय... मोराच्या मानंगत झाला."

"काढ!"

काढला. गार झाल्यावर बंदुकीत बसवला. घोडा अर्ध्यावर ठेवून तिनं चापाला दगडी वरवंटा बांधला आणि तो अधांतरी सोडला. घोडा हलला नाही. मग लाकडी मोगरीनं घोड्याच्या पाठीवर वीस ठोके मारले. हलला नाही. आकारामनं बोटानं खाच चाचपली आणि "आजून दोन हात" म्हटलं नाही. म्हणजे काम उत्तम झालं होतं.

सयाजी सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी आला. भर दुपारची वेळ, आकाराम न्हाव्याकडं गेलेला. भट्टीचा उकाडा म्हणून रंगुबाईनं पडदा वर टाकला होता आणि घोड्याच्या शेपटीला, म्हणजे अंगठा टेकायच्या टोकाला, शेवटची गोलाई देत पकडीपुढं वाकली होती. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. सयाजी दारात उभा.  तिनं पडदा ओढून घेतला. तो तसाच माघारी गेला आणि दुसऱ्या दिवशी जणू काही बघितलंच नाही अशा तोंडानं बंदूक न्यायला आला.

आकारामनं त्याला बजावलं. "नळीत काडतूस असलं, की घोडा अर्ध्यावर ठेवायचा. पार खाली सोडायचा न्हाई आन् पुरा चढवूनबी हिंडायचं न्हाई. अर्ध्यावर. ध्येनात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

का, ते आकारामनं सांगितलं नाही. पलटणीत हुकमाला कारण जोडायची रीत नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे झाले असतील. बाजाराच्या दिवशी मेथीची पेंडी घेता घेता रंगुबाईच्या कानावर आलं, की म्हसवडकडं लालासाहेबांचा धाकटा भाऊ गेला. गोळी लागून. गाडीत तो आणि मेव्हणा दोघंच होते. एक म्हणत होता बंदूक पडून उडाली. दुसरा म्हणत होता, पडते कशी, मेव्हण्यानं पाडली. तिसऱ्यानं इकडं तिकडं बघून बोलणंच बंद केलं.

रंगुबाई मेथी तिथंच टाकून घरी आली.

"म्या सांगितलं हुतं," ती म्हणाली. "त्येनं इचारलंवतं तुमास्नी. कळतं का म्हनून इचारलंवतं. त्येनंच मारला."

 आकाराम तोंड तिच्याकडं न वळवताच म्हणाला, "रंगू, तू रंग बरूबर सांगितलावतास न्हवं?"

अकरा वर्षांत त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.  ती "व्हय" म्हणाली, पण त्या क्षणापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. मोराच्या मानेचाच रंग होता ना? की चुलीच्या जाळाची झाक? आपलंही वय झालं, सुईत दोरा ओवताना हल्ली दोनदा चुकतं. पोलाद जास्त मऊ राहिलं असेल तर? कडक राहून ओठ उडाला असेल तर? सयाजीनं मारलं असं म्हणावं तर मन हलकं व्हायचं, आणि लगेच शंका यायची, की आपण स्वतःला सोडवायला त्याला धरतोय. चार दिवस ती भाकरी थापताना हाताकडं बघत राहायची, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दुकानापुढं माणसं उतरली. म्हसवडकडचे फौजदार कर्णिक, सोबत दोन शिपाई. हद्द संस्थानची, म्हणून संस्थानचा एक कारकून. मागं लालासाहेब, डोईवर पागोटं नाही, डोळे सुजलेले. आणि हाताला दोर बांधलेला सयाजी.

कर्णिक लवंग चघळत आत आले. आधी कोपऱ्यातली भंगाराची टोपली पालथी केली, एकेक कमान उचलून "ही कुठल्या बंदुकीची? आणि ही?" असं विचारत राहिले. आकाराम उत्तरं देत गेला. मग ते त्याच्या समोर येऊन बसले.

"मिस्तरी, लालासाहेबांची बंदूक तुम्ही दुरुस्त केली?"

"व्हय, सायब."

"स्वतः?"

"सोता."

"आम्ही वेगळं ऐकतोय. कानस बाई चालवते म्हणे."

"बाई भाता वडती."

लालासाहेबांना राहवलं नाही. "सायब, ह्या दोघांतनं येकानं माझा भाऊ खाल्ला! न्हाई तर ह्या मिस्तरीनं, न्हाई तर ह्या सयाजीनं. कुनी, ते तुमी काढा."

कर्णिकांनी शिपायाकडून बंदूक घेतली. एक शब्द न बोलता ती दोन्ही हातांनी आकारामच्या छातीपुढं धरली, हातभर अंतरावर.

आकाराम ताठ बसलेला, नजर समोर, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. त्यानं हात पुढं केला नाही. बंदूक तशीच त्याच्यापुढं अधांतरी. शिपायानं कारकुनाकडं बघितलं. दुकानाबाहेर जमलेली माणसं एकेक करून गप्प झाली. फक्त आकारामला सगळं का गप्प झालंय, ते कळत नव्हतं.

"इचारा की सायब," तो म्हणाला.

गोणपाटाचा पडदा सरला. रंगुबाईनं पदर खोचला, पुढं येऊन फौजदारांच्या हातातून बंदूक घेतली.

"ह्यास्नी दिसत न्हाई," ती म्हणाली. "काम म्या केलंय. काय इचारायचं ते मला इचारा."

आकारामच्या तोंडून "रंगू" एवढंच निघालं.

कर्णिक तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "ठीक आहे. मग सांगा. तुमची खाच सुटली का?"

रंगुबाईनं नळी रिकामी आहे याची खात्री केली आणि घोडा अर्ध्यावर घेतला. चाप दाबला. हलला नाही. अंगठ्यानं घोडा पुढं रेटला. हलला नाही.  रंग बरोबर होता.

"खाच शाबूत हाय," ती म्हणाली. "अर्ध्यावरनं ही बंदूक उडायची न्हाई."

कर्णिक वळले. "ऐकलंस, सयाजी? बंदूक धडधाकट आहे. म्हणजे घोडा पुरा चढवला गेला आणि चाप ओढला गेला. कुणी ओढला?"

"कुनीबी न्हाई, सायब. गाडीतनं उतरताना नानासोच्या हातनं पडली. चाकावर आदळली."  हे वाक्य सयाजीनं चार दिवसांत शंभरदा सांगितलं असावं आणि कुणी मानलं नसावं.

रंगुबाईनंही मानलं नाही. ह्याला फासावर जाऊ दे, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. ह्यानं विचारलं होतं, कळतं का म्हणून. आता कळलं. तिनं बंदूक परत द्यायला उचलली, आणि उजेड घोड्याच्या पाठीवर पडला.

घोड्याच्या शेपटीवर एक चकाकता ठेचा होता.

ती शेपटी तिनं स्वतः गोल केलेली, तेलात काळी केलेली. मोगरीचे वीस ठोके मारूनसुद्धा तिच्यावर ओरखडा उठला नव्हता. हा ठेचा लोखंडाचा होता. जोराचा, एकच, तिरका. तिनं बंदूक पकडीत धरली, दोन मळसूत्रं सोडवून घोडा बाहेर काढला आणि उजेडाला नेऊन खाच बघितली. ओठावर काही नव्हतं. कानशीच्या बारीक रेघा जशाच्या तशा. घोडा अर्ध्यावर असताना एवढा ठोका बसला असता, तर सगळा भार ओठावर आला असता, तिथं खूण उठली असती.

म्हणजे ठोका बसला तेव्हा घोडा अर्ध्यावर नव्हता. आणि पुराही चढलेला नव्हता, कारण चढलेल्या घोड्याची शेपटी मागं लोळलेली असते, ठेचा वेगळ्या जागी आला असता.

हे बघितलेलं तिथं तिच्याखेरीज कुणी नव्हतं. तिची आणि आकारामची सुटका तर झालीच होती. घोडा परत बसवून बंदूक फौजदारांच्या हातात दिली, की संपलं. तिनं सयाजीकडं बघितलं. दोर मनगटात रुतून कातडी सोलली होती.

"सायब," ती म्हणाली, "ह्यो ठेचा म्या केलेला न्हाई."

कर्णिक पुढं झाले. तिनं दाखवला. मग सयाजीला विचारलं, "चाकावर कुठं आदळली?"

"धावंवर. लोखंडावर. उलटी पडली, घोडा खाली, नळी नानासोकडं."

"घोडा कुठं ठिवलावता?"

सयाजीनं मान खाली घातली.

"अर्ध्यावर हुता?"

"न्हाई. पार खाली सोडलावता."

"का? मिस्तरीनं तुला अर्ध्यावर ठेवाय सांगितलंवतं न्हवं?"

सयाजीनं मान वर केली आणि लालासाहेबांकडं बघितलं. "घरचा हुकूम हुता, वैनी. म्या हितं बघितलं ते मालकास्नी सांगितलं. काम बाई करती म्हनून. तवापासनं त्येंनी घोडा अर्ध्यावर ठेवूच दिला न्हाई."

"मग काय चुकलं माझं?" लालासाहेब एकदम उसळले. "बाईनं कानसलेल्या खाचंवर माझ्या भावाचा जीव टांगू व्हय? पार खाली सोडल्याला घोडा आनि कुठं पडनार हाय? खालीच हाय त्यो!"

 ऐकायला ते अगदी बरोबर होतं. कर्णिकांनाही बरोबर वाटलं. ते संशयानं रंगुबाईकडं बघत म्हणाले, "बाई, घटकेपूर्वी तुम्ही बंदूक चांगली म्हणालात. आता या माणसाला सोडवताय. तुमचं आणि याचं काही आधी बोलणं झालंय?"

"माझं त्येच्याशी आजवर अक्षर बोलनं न्हाई. ह्याच बंदुकीची दोन काडतुसं द्या."

शिपायानं जप्तीतली दिली. तिनं पकडीत धरून दोन्हींची गोळी उपटली, दारू कागदावर ओतली. राहिली नुसती पितळी टोपणं, बुडाला ठिणगी पाडणारी टिकली असलेली. घोडा परत बसवला. एक टोपण नळीत भरलं, घोडा अर्ध्यावर घेतला आणि मोगरी उचलली. लोक मागं सरकले. तिनं घोड्याच्या पाठीवर ठोका मारला. मग दुसरा, तिसरा. दहा मारले. काही झालं नाही.

"आता मालकांच्या हुकमापरमानं," ती म्हणाली. घोडा अंगठ्यानं सावकाश पार खाली सोडला. "आता ह्यो आतल्या टोचणीवर टेकलाय. टोचणी काडतुसाच्या टिकलीवर टेकलीय. मदी काय न्हाई. अर्ध्यावर असला की मदी जागा ऱ्हाती."

एकच ठोका. फट् असा आवाज झाला आणि नळीतून धुराची बारीक रेघ निघाली. बाहेरची माणसं दचकली. संस्थानचा कारकून उभाच राहिला.

लालासाहेब होते तिथं खाली बसले. त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला, तो ऐकून सयाजीसुद्धा दोरासकट त्यांच्याकडं सरकला.

कर्णिकांनी ठोक्याची खूण कागदावर काढून घेतली, दुसऱ्या टोपणावर स्वतःच्या हातानं तोच प्रयोग केला, मग शिपायाला दोर सोडायला सांगितलं. सयाजी मनगट चोळत उभा असताना रंगुबाईनं विचारलं, "मग त्या दिशी तसं का इचारलंवतंस? कळतं का म्हनून?"

"मलाच भ्या वाटत हुतं, वैनी. जागंचं भांडान साऱ्या मुलखाला ठावं. मोडकी बंदूक घिऊन रोज नानासोसंगं गाडीत बसायचं. कवा उडाली तर माझ्यावरच येनार, ह्ये मला दिसत हुतं. म्हनून तर दुरुस्तीला म्या आनली. कुनी सांगितलं नव्हतं."

तिला खाली बघावं लागलं.

सुटका झाली ती सयाजीची. कारकुनानं भिंतीवरचा परवाना काढून घेतला. ज्याच्या नावावर तो आहे त्याला दिसत नाही, आणि जिला दिसतं तिच्या नावावर तो नाही. अकरा वर्षं संस्थानाला फसवलं, म्हणून हत्यारांच्या पेटीला लाखेचं शिक्कामोर्तब झालं. कर्णिकांनी जाण्यापूर्वी घराची झडती घेतली. पिठाचा डबासुद्धा उपसला. भूमिगतांच्या बंदुका इथं येत असतील हा त्यांचा संशय काही गेला नव्हता. काही सापडलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं."

त्या दिवशी आकाराम जेवला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणाला, "म्या त्येला कारन सांगाय पायजे हुतं. दोन शब्दांचं काम हुतं."

"मलाबी तुमी रंग इचारलावता," रंगुबाई म्हणाली.

"व्हय. त्येबी इचाराय नको हुतं."

महिन्याभरानं शालूबाई आली. नानासोची विधवा. कपाळ मोकळं, वय तिशीच्या आतलं. दुकानात आता नुसती विळे-खुरपी होती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"येकच इचाराय आले," ती म्हणाली. "समदी म्हंत्यात, लोहारनीला दया आली म्हनून तिनं सयाजीला सोडीवला. माझा सख्खा भाऊ हाय. पर त्येच्या हातचं पानी मला आजून घेववत न्हाई. खरं सांगा. दया आली व्हय तुमास्नी?"

रंगुबाईनं तिला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं.

"दया? अगं बाई, तुझा भाऊ फासावर जावा म्हनून म्या बंदूक हातात घेतलीवती. त्येनं दुकानात पाय टाकल्यापासनं माझा त्येच्यावर डोळा. त्येचं वाईट निघावं म्हनून म्या बघत हुते, आनि बघताना त्यो ठेचा दिसला. दिसल्यावर काय करू?"

 शालूबाई पदरात तोंड खुपसून जी रडली, ती पेठेतल्या बायका धावत येईपर्यंत. त्या साली अखितीच्या सणाला ती सयाजीच्या घरी जेवायला गेली, असं रंगुबाईला मागाहून कळलं. लालासाहेबांनी ती बंदूक सरकारजमा केली, आणि विहिरीजवळचा तुकडा शालूबाईच्या नावावर करून दिला. आटपाडीच्या पेठेत मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत.

आकाराम सेहेचाळीसच्या थंडीत गेला. दोन वर्षांनी संस्थान खालसा झालं, पेटीचा लाखेचा शिक्का कुणाचा ते विचारणारंच कुणी उरलं नाही, पण रंगुबाईनं पुन्हा बंदूक हातात धरली नाही. विहिरींवर तेलाची इंजिनं यायला लागली होती. त्यांचे झिजलेले भाग घडवायला माणूस मिळत नसे. पहिली दोन-तीन वर्षं मळेवाले तिला बोलवायचे आणि काम होईपर्यंत शेजारी उभे राहून तिच्या हाताकडं टक लावून बघायचे. ती बघू द्यायची. चाक फिरवून इंजिन धडधडायला लागलं, पाटात पाणी आलं, की ते बांधाकडं पळायचे, आणि ती तेलाचे हात मातीत चोळून हत्यारं गोळा करायला लागायची.